मागच्या खिडकीतून आलेलं पाणी

अग्निशमन ठाण्यावर सगळे त्याला राखणदार म्हणत आणि हे नाव त्याला मुळीच आवडत नसे.

नाव पडायचं कारण साधं होतं. जळत्या इमारतीत पाण्याची पहिली लाइन आगीवर जाते. तिच्या मागोमाग दुसरी लाइन आत शिरते, पण ती आगीपर्यंत जात नाही. जिन्याच्या तोंडाशी नाहीतर दाराशी थांबते आणि आत गेलेल्यांची परतीची वाट राखते. सगळं सुरळीत झालं तर दुसऱ्या लाइनवाल्याला नोझल उघडावंसुद्धा लागत नाही. पहिल्या लाइनवाला काळाठिक्कर होऊन बाहेर येतो, लोक त्याच्या पाठीवर थाप मारतात, कुणीतरी त्याच्या हातात चहा देतं. दुसरा आपला पाइप गुंडाळत बसतो. गेली काही वर्षं हा पाइपच गुंडाळत होता.

पहिल्या लाइनचं नोझल असायचं त्याच्या बहिणीच्या नवऱ्याच्या हातात. हा त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून हळूहळू सगळं ठाणंच त्यांना दाजी म्हणायला लागलं. एकदा तर खुद्द मॅडमच्या, म्हणजे स्टेशन ऑफिसरबाईंच्या तोंडून ‘दाजी’ निघून गेलं आणि मग त्यांनी खोकल्याचं निमित्त केलं. ताई म्हणायची, लग्नात मला नवरा एकच मिळाला, पण भाऊ मात्र ठाणंभर मिळाले.

या दाजींशी तो सध्या बोलत नव्हता. त्याला पहिल्या लाइनवर घ्यायचं मॅडमच्या मनात होतं. त्यांनी दाजींचं मत विचारलं, आणि दाजींनी सांगितलं की इतक्यात नको. हात चांगला आहे, दम चांगला आहे, पण आग दिसली की ह्याला नोझल उघडल्याशिवाय राहवत नाही. हे बोलणं फिरत फिरत त्याच्या कानावर आलं. परक्याने म्हटलं असतं तर त्याने भांडून मोकळं केलं असतं. घरच्याच माणसाने म्हटलं, ते त्याच्या जिव्हारी लागलं.

तो ताईच्याच घरात वरच्या खोलीत राहायचा आणि जेवायला खाली यायचा. त्यामुळे अबोला पाळणं फार अवघड झालं होतं. “ताई, त्यांना म्हणावं मीठ इकडे सरकवा.” दाजी मीठ सरकवत आणि म्हणत, “त्याला म्हणावं घे.” शेवटी एक दिवस ताईने मिठाची बरणी दोघांच्या मधोमध आपटली. “आणि म्हणे हे आगी विझवतात,” एवढंच बोलून ती आत निघून गेली. दाजी हसले. हा हसला नाही.

ती आगीची वर्दी आली दुपारची, जेवणं नुकतीच आटोपली होती तेव्हा.

गाद्या आणि उशा शिवायचा एक कारखाना होता. तळाला दुकान, मधल्या मजल्यावर शिलाईचं काम, वर गोदाम. समोरून एकच जिना मधल्या मजल्यावर चढायचा आणि तिथून एक लांबलचक बोळ सरळ मागच्या खोलीपर्यंत जायचा. त्या मागच्या खोलीत फोमचे थर छतापर्यंत रचलेले होते आणि आग तिथेच लागली होती. शिवणाऱ्या बायका रस्त्यापलीकडे फुटपाथवर उभ्या होत्या. एकीच्या हातात अजून कात्री होती आणि तिला त्याचं भान नव्हतं. त्यांच्या मुकादमाने प्रत्येकीला नाव घेऊन हाक मारली आणि मग मॅडमना सांगितलं की आत कुणी राहिलेलं नाही.

मॅडम इमारतीच्या बाजूच्या फटीतून आत जाऊन मागचं बघून आल्या. मागच्या खिडकीची काच फुटली होती आणि तिथून ज्वाळा बाहेर पडत होत्या. ऐकायला वाईट वाटेल, पण ते बरंच होतं. आगीला बाहेर पडायला वाट मिळाली होती आणि धूर तिकडेच ओढला जात होता. समोरच्या जिन्यातून आत शिरायचं आणि आगीला तिच्याच वाटेने मागे रेटत न्यायचं, असं त्यांनी ठरवलं. ती वर गोदामात चढली तर मग इमारत हातची गेली. मागे शेजारच्या मोठ्या कारखान्याचं आवार होतं. तिथे ठेवायला त्यांच्याकडे माणूस नव्हता, कारण दुसरा बंब रेल्वेच्या फाटकाशी अडकून पडला होता. म्हणून त्यांनी त्या आवाराच्या रखवालदाराला मधल्या भिंतीवरूनच बजावलं की खिडकीजवळ कुणालाही फिरकू देऊ नकोस. रखवालदाराने मान डोलावली. बघ्यांना लांब ठेवायचं, एवढंच तो समजला.

“एक गोष्ट लक्षात ठेवा,” मॅडम आत जाणाऱ्या चौघांना म्हणाल्या. “आपली माणसं आत असेपर्यंत बाहेरून एक थेंबसुद्धा पडणार नाही. जे पाणी मारायचं ते एकाच बाजूने.”

दाजींची लाइन जिन्याच्या डाव्या भिंतीला धरून वर चढवली, याची उजव्या. दोन पाइप एकमेकांवर चढले की अंधारात कुणाचा कोणता ते कळत नाही, आणि घाबरलेला माणूस भलताच पाइप धरून भलतीकडे जातो. दाजींनी हे त्याला पहिल्या वर्षी शंभरदा घोकवलं होतं. आज ते काही बोलले नाहीत. वरच्या पायरीवर त्यांनी मागे वळून त्याच्याकडे बघितलं, मास्क चढवला आणि जाड्याला घेऊन बोळात शिरले. जाड्या म्हणजे त्यांचा जोडीदार. नावाप्रमाणेच होता, पण पाइप ओढण्यात त्याच्यासारखा गडी ठाण्यात दुसरा नव्हता.

राखणदार जिन्याच्या तोंडाशी एका गुडघ्यावर बसला. त्याच्या मागे दोन पायऱ्या खाली त्याचा जोडीदार लंबू पाइप खांद्यावर घेऊन बसला. थोड्याच वेळात पाइप फुगून टणक झाला, पाणी आलं. आता फक्त थांबायचं होतं.

हे थांबणंच त्याला खायला उठायचं. समोर धूर छताखाली जाड गोधडीसारखा लोंबत होता आणि संथपणे मागच्या बाजूला सरकत होता. खाली गुडघाभर उंचीचा स्वच्छ पट्टा होता. त्यातून दाजींच्या बुटांचे तळवे काही वेळ दिसले, मग दिसेनासे झाले. त्यांच्या नोझलचा आवाज येत राहिला. थोडं पाणी, मग गप्प, पुन्हा थोडं पाणी. म्हणजे ते पुढे जात होते. पाइप त्याच्या शेजारून साप सरकावा तसा इंचाइंचाने आत जात होता.

डाव्या हाताला एक दार होतं. त्याच्या वरच्या फटीतून आगीची एक बारीक जीभ बाहेर येई आणि आत जाई. राखणदाराचा हात आपसूक नोझलच्या दांडीवर गेला. एक फवारा मारला असता की काम संपलं असतं. पण वाफ झाली असती, धूर खाली आला असता आणि आत असलेल्या दोघांना दिसायचं बंद झालं असतं. त्याने हात काढून मांडीवर ठेवला. ह्याला राहवत नाही म्हणे, तो मनात म्हणाला, आणि त्या जिभेवर नजर रोखून बसला.

मग काहीतरी बदललं.

काय बदललं ते त्याला लगेच कळलं नाही. कुणीतरी खोलीत येऊन मागे उभं राहावं आणि न बघता ते जाणवावं, तसं काहीसं. त्याने वर बघितलं. धूर थांबला होता. मागे सरकणारा तो गच्च थर जागच्या जागी उभा होता. खालचा स्वच्छ पट्टा वीतभर उरला आणि मग तोही गेला. आणि मग धूर निघाला, पण उलटा. त्यांच्याकडे.

त्याबरोबर बोळाच्या पार मागच्या टोकाकडून एक आवाज यायला लागला, लांबवर पत्र्यावर कुणी मुठीने वाळू फेकत राहावी तसा. दाजींचं नोझल त्या वेळी बंद होतं. मग हे पाणी कुणाचं?

मागच्या खिडकीतून कुणीतरी पाणी मारत होतं.

त्याने वॉकीचं बटण दाबलं आणि ओरडून सांगितलं. पलीकडून नुसती खरखर आली. पुन्हा सांगितलं. मग मॅडमचा आवाज आला, आणि त्यांनी फक्त “कळलं” म्हटलं. तो आवाज धापा टाकणारा होता. त्यांनी समोरच्या दारातच धूर फिरताना बघितला होता आणि त्या आधीच मागे धावत सुटल्या होत्या. पण बाजूच्या फटीतून मागच्या आवारात जाता येत नव्हतं, मध्ये भिंत होती. पुढच्या रस्त्याने वळसा घालून जावं लागणार होतं.

आणि वळसा संपेपर्यंत आत जे व्हायचं ते होणारच होतं. बाहेर पडणाऱ्या आगीच्या तोंडावर कुणीतरी पाण्याचं झाकण ठेवलं होतं. आता तिला एकच वाट उरली होती, हा बोळ, आणि त्या वाटेवर दाजी आणि जाड्या होते.

छताखालच्या काळ्यात लाल रेषा उमटल्या. त्या एकमेकींना मिळाल्या, लाटेसारख्या वळत पुढे आल्या आणि थेट जिन्याच्या डोक्यावर येऊन ठेपल्या. उष्णता अंगावरच्या जाड कोटातून आत शिरली. लंबूने मागून त्याच्या खांद्याला घट्ट धरलं आणि मार, मार म्हणून ओरडला.

राखणदाराने नोझल उचललं. ते सरळ बोळात रोखलं. सगळा जीव सांगत होता की दांडी मागे ओढ आणि पूर्ण धार सोड. त्या लाल लाटेच्या खाली त्याच्या ताईचा नवरा होता. पण त्याने इथून धार सोडली असती तर ती लाट उलटून पुन्हा आतच गेली असती. मागून एक पाणी, पुढून दुसरं पाणी, आणि मध्ये दोन माणसं उकळून निघाली असती. मागचा माणूस न कळता जे करत होता, तेच याने कळून केलं असतं.

त्याने नोझल वर केलं. जिन्याच्या बरोबर वरच्या छतावर, आपल्याच डोक्यावर, त्याने अगदी थोडा फवारा मारला आणि बंद केला. लाल मागे हटलं, पुन्हा आलं. पुन्हा थोडा, पुन्हा बंद. गरम पाणी त्याच्या मानेवर ठिबकत होतं. तो बोळाकडे एक थेंबही जाऊ देत नव्हता.

तेवढ्यात खालून ड्रायव्हरकाका वॉकीवर आले. पंप त्यांच्याकडे होता. रस्त्याखालच्या ज्या नळातून त्यांचा बंब पाणी घेत होता, त्याच नळावर कुणीतरी आणखी तोंड उघडलं होतं. दाब झपाट्याने पडत होता. दोन्ही लाइनींना आता पुरेसं पाणी देता येणार नाही, कुणाची बंद करू, असं त्यांनी विचारलं.

माझी बंद करा, असं म्हणायला राखणदाराने बटणावर बोट ठेवलं. पण त्याच्या आधी दुसराच आवाज आला. दाजींचा. इतका शांत, की जेवताना काहीतरी मागत आहेत असं वाटावं.

“माझी बंद करा. राखणदाराची चालू ठेवा.” मग थोडं थांबून, “जिना सोडू नकोस रे. आम्ही पाइप धरून येतो.”

कितीतरी दिवसांत ते थेट त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं.

शेजारून आत गेलेला दाजींचा पाइप मऊ पडत गेला. राखणदाराने त्याच्यावर गुडघा टेकवला, म्हणजे पलीकडून कुणी ओढलं तर कळलं असतं. छतावर फवारा मारायचा, बंद करायचा, पाइपावर लक्ष ठेवायचं. तो काळ किती होता ते त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही. लंबूच्या सिलिंडरची शिट्टी वाजायला लागली, हवा संपत आल्याची. राखणदाराने त्याला खाली जा म्हटलं. तो गेला नाही.

पाइपाला हिसका बसला. एकदा, दोनदा. धुरातून एक हातमोजा पुढे आला, मग मास्क, मग जाड्याचं भलंमोठं धूड. तो चार पायांवर येत होता आणि त्याच्या कोटातून वाफा निघत होत्या. लंबूने त्याला काखेत धरून जिन्यावर ओढला. जाड्या सारखा मागे हात दाखवत होता. दाजी माझ्या मागेच होते, बुटाला हात लावून होते, मग हात सुटला, असं तो सांगत होता. लंबू त्याला घेऊन खाली गेला.

आता राखणदार एकटा उरला. नोझल खाली ठेवून पाइप धरून आत जायचं, एवढंच करायचं होतं. फार लांब नसतील, असतील हाताच्या अंतरावर. पण नोझल सोडलं असतं तर जिन्याचं डोकं पेटलं असतं आणि मग दोघांनाही वाट उरली नसती. तो ओरडत राहिला. दाजी, इकडे. दाजी, माझ्या आवाजाकडे या. मास्कमधून ते शब्द बाहेर जात होते की नाही, देव जाणे. मधून मधून तो नोझलची दांडी जिन्याच्या कठड्यावर आपटत होता.

मग मागच्या पाण्याचा आवाज थांबला.

धूर घुटमळला. एक लांब श्वास घ्यावा तसा थांबला आणि पुन्हा मागे सरकायला लागला. छताखालची लाल लाट विरत विरत लांब गेली. खाली वीतभर पट्टा मोकळा झाला आणि त्या पट्ट्यात, बोळाच्या मध्यावर, त्याला दाजी दिसले. ते पाइपावर पालथे पडले होते. एक हात पाइपाला विळखा घालून होता. दुसरा हात भिंत चाचपावी तसा हवेत हलत होता.

लंबू नवं सिलिंडर लावून वर आला तेव्हा राखणदाराने नोझल त्याच्या हातात दिलं आणि आत गेला.

दाजींना खाली आणून रस्त्यावर ठेवलं तेव्हा त्यांचा मास्क एका बाजूने वितळून वाकडा झाला होता. ते जिवंत होते. डोळे उघडे होते, पण श्वास आत घेताना जुन्या दाराची बिजागरी करकरावी तसा आवाज येत होता. रुग्णवाहिकेतल्या बाईंनी त्यांच्या नाकाच्या आत बघितलं. आत काजळी होती. गरम धूर पार आतपर्यंत गेला होता, हे त्याला कळलं.

बंबाला टेकून तो मास्क काढत होता, तेव्हा वळशाच्या रस्त्याने मॅडम येताना दिसल्या. त्यांच्याबरोबर दोन-तीन माणसं होती. शेजारच्या कारखान्याचा वायरमन पुढे होता. नखशिखान्त भिजलेला, तळवे सोललेले. कारखान्याच्या आगीच्या पेटीतला पाइप काढून, शिडी लावून, त्याने स्वतः खिडकीत पाणी मारलं होतं. आपल्याच कारखान्याचा माणूस म्हणून रखवालदाराने त्याला अडवलं नव्हतं. एवढा भडका समोर असताना हात बांधून कसं उभं राहायचं, असं त्याला वाटलं होतं. मॅडमनी त्याला शिडीवरून खाली उतरवलं होतं, पण का, ते सांगायला त्यांच्याजवळ दम उरला नव्हता. त्यामुळे त्याला अजून काहीच माहीत नव्हतं. तो हसत होता, जरासा लाजत.

“आमची थोडीफार मदत झाली का हो?” त्याने राखणदाराला विचारलं.

राखणदाराने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या मुठी वळल्या होत्या. समोर एक दमलेला, भला माणूस उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर कसलाही डाव नव्हता. मॅडमनीच त्या वायरमनला बाजूला नेलं आणि सांगितलं. लांबून राखणदाराला फक्त त्याची पाठ दिसत होती. काही वेळाने तो माणूस फुटपाथवर खाली बसला.

दाजींच्या घशात नळी होती तेवढे दिवस ताई दवाखान्यातच राहिली. तिने भावाला काहीच विचारलं नाही. जाड्याने तिला सगळं सांगितलं असावं, कारण एका संध्याकाळी तिने डबा उघडून त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “तू आत मारलं नाहीस, म्हणून हे आहेत.” तो म्हणाला, मी मारणार होतो. ताई म्हणाली, जेव.

नळी निघाली, पण आवाज पूर्ण परत आला नाही. डॉक्टर म्हणत की येईल, आणि मग दुसरंच काहीतरी बोलायला लागत. जिना चढताना दाजींना आता मध्ये थांबावं लागे. पहिल्या लाइनवर कोण जाणार, याचं उत्तर ठाण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोलून दाखवत नव्हतं. एक दिवस मॅडमनी राखणदाराला बोलावून तेवढं एक वाक्य सांगितलं. जे इतकी वर्षं हवं होतं ते मिळालं, आणि तो लांबच्या रस्त्याने घरी गेला. त्याने ते दाजींना सांगितलं तेव्हा ते उठून बसले आणि खरखरत्या आवाजात म्हणाले, “मग तुझ्या मागे कोण?” पहिल्यांदा त्यांनी हेच विचारलं. त्याने लंबूचं नाव घेतलं. दाजींनी मान हलवली. हो की नाही, ते त्याला कळलं नाही.

वायरमन दवाखान्यात येऊन गेला होता. बाहेरच्या बाकावर बसून परत गेला, आत आला नाही. मग तोच एका सकाळी ठाण्यावर आला. आमच्या माणसांना येऊन शिकवा, म्हणाला. मॅडमनी राखणदाराला पाठवलं.

कारखान्याच्या आवारात माणसं रांगेत उभी होती. त्याने सांगितलं की आत बंबवाले असतील तर बाहेरून पाणी मारायचं नाही, कितीही आग दिसली तरी. आधी त्यांच्या साहेबांना विचारायचं. माणसं ऐकत होती, माना डोलावत होती. एकाने विचारलं, पण समजा आत कुणी आहे हे आम्हाला माहीतच नसलं तर? पुढच्या बाजूला बंब उभा असला की आत कुणीतरी आहे असंच धरायचं, असं त्याने सांगितलं. विचारणाऱ्याचं समाधान झालं नाही हे त्याला दिसलं.

शिकवून झाल्यावर तो त्या मागच्या रस्त्याने चालत निघाला. एकाला एक लागून कारखाने होते, गोदामं होती, एक शाळा होती. तो चालता चालता थांबला. प्रत्येक इमारतीच्या मागच्या भिंतीवर एक लाल पेटी होती. काचेआड पाइप व्यवस्थित गुंडाळून ठेवलेला, नोझल पुसून चकचकीत केलेलं. एका पेटीशी एक रखवालदार फडकं घेऊन काच पुसत होता. त्याने राखणदाराच्या अंगावरचा गणवेश बघून सलाम केला.

“काळजी नको साहेब,” तो उत्साहाने म्हणाला. “काही झालं तर आम्ही तयार आहोत.”

राखणदार त्याला सांगायला थांबला. पण पुढच्या पेटीशी सांगायला कुणीच नव्हतं, आणि तिच्यापुढच्या पेटीशीही. रस्ता लांब होता, आणि पेट्या पार वळणापर्यंत दिसत होत्या.